एका अक्षराचा फरक

एचआयव्हीचा जीनोम म्हणजे जेमतेम दहा हजार अक्षरांचा मजकूर. आमच्या प्रोजेक्टमधल्या कितीतरी फाइल्स याहून मोठ्या असतात. त्यात एका ठरावीक जागी 'ए'ऐवजी 'जी' आलं, की लॅमिव्ह्युडिन या औषधाचा विषाणूवरचा जोर बराचसा ओसरतो. या बदलाला एम१८४व्ही म्हणतात.

हे मला माहीत असायचं तसं काही कारण नव्हतं. बायोलॉजीशी माझा संबंध बारावीच्या आधीच संपला. पण हिंजवडीत ज्याच्यासोबत मी तीन वर्षं फ्लॅट शेअर केला, तो मित्र रोज रात्री दहाला एक गोळी घ्यायचा. रिलीज असो, वाढदिवस असो, दहाचा अलार्म वाजायचाच. सहा महिन्यांनी त्याने मला कारण सांगितलं. त्यानंतर मी वाचायला लागलो.

हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो आणि त्या तपासायची सोय त्याच्याकडे नाही. आमच्या भाषेत, कोड रिव्ह्यूच नाही. उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यातले बरेच निकामी निघतात. पण एखादी चूक नेमकी औषधाला चकवणारी असते. १९८७ साली अमेरिकेत एझेडटी हे पहिलं औषध मंजूर झालं आणि दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू रुग्णांमध्ये सापडले. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, तेव्हा चित्र पालटलं. तिन्हींना चकवणाऱ्या चुका एकाच प्रतीत एकदम जुळून येणं फार अवघड. शिवाय विषाणू दबलेला राहिला, की नव्या प्रतीच निघत नाहीत. मग नव्या चुका तरी कुठून येणार?

खंड पडला की मात्र गणित बिघडतं. तिन्ही औषधं रक्तातून एकाच वेगाने जात नाहीत. जुन्या उपचारातलं इफाव्हिरेन्झ गोळ्या थांबल्यावरही कितीतरी दिवस रेंगाळतं. बाकीची दोन आधी निघून जातात. म्हणजे काही दिवस विषाणूसमोर एकटं एकच औषध उरतं आणि तिथेच त्याला फावतं. असा प्रतिरोधक विषाणू एकदा तयार झाला, की पेशींमध्ये वर्षानुवर्षं दडून राहू शकतो. जुनं व्हर्जन डिलीट होत नाही.

२०२२मध्ये माझ्या मित्राला त्याच्या केंद्रातून महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या गोळ्या मिळायला लागल्या. दर दहा दिवसांनी अर्धी सुट्टी, रांग, आणि मॅनेजरला सांगायला नवं कारण. खरं कारण सांगायची त्याची हिंमत नव्हती. एकदा गोळ्या संपल्या आणि चार दिवस हात हलवत परत यावं लागलं. त्याच वर्षी जुलैपासून दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारी माणसं धरणं धरून बसली होती. औषधं पुरेशी मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. देशात साठा पुरेसा आहे, असं सरकारचं.

पुढच्या तपासणीत मित्राचा व्हायरल लोड हजाराच्या वर गेला. केंद्रातल्या मॅडमचा पहिला प्रश्न होता, "गोळ्या किती चुकवल्यास?"

तो घरी येऊन नुसता बसून राहिला. मला म्हणाला, "मी चुकवल्या नाहीत रे. मिळाल्या नाहीत."

तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा झाली, तेव्हा विषाणू दबलेला होता. तोवर तो डोल्युटेग्राव्हिर असलेल्या गोळीवर आला होता. या औषधाला चकवणं विषाणूला बरंच कठीण जातं. इफाव्हिरेन्झच्या दिवसांत हाच खंड पडला असता, तर कदाचित एवढ्यावर भागलं नसतं.

या विषयावरच्या लिखाणात 'अधीरन्स' हा शब्द सारखा येतो: औषधं नेमाने घेणं. तो नेहमी रुग्णाच्याच नावापुढे लागतो. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला, तर 'युजरने नीट वापरला नाही' असं लिहून तिकीट बंद करता येत नाही. कुठल्या टप्प्यावर काय अडलं, ते शोधावं लागतं. भारतात १ एप्रिल २००४पासून ही औषधं सरकार मोफत देतं आणि त्यामुळे लाखो माणसं आज जगताहेत, हे खरंच मोठं काम आहे. म्हणूनच वाटतं, की रुग्णाला 'किती चुकवल्यास' हे विचारण्याआधी त्याच्या कार्डावर एक आकडा बघावा: गेल्या वेळी त्याला किती दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या?