गिझर पेटत का नाही?

आमच्या रत्नागिरीच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. त्यात बिघडण्यासारखं काय असणार? नारळाची सोडणं, दोन-चार करवंट्या, थोडा धूर, की झालं पाणी गरम. मग गॅस गिझर आला. आता तो रुसला की फोन पुण्याला, माझ्याकडे. "अरे, टकटक वाजतंय पण पेटत नाहीये. तू इंजिनीअर ना?" इति बाबा. सॉफ्टवेअरवाल्याचा गिझरशी काय संबंध, हे त्यांना पटवायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

पण कव्हर काढून बघितलंत तर संबंध आहे, मंडळी! गिझर म्हणजे एकामागोमाग एक लावलेल्या अटी. नळ सोडला की पाण्याच्या जोराने आतला रबरी डायफ्रॅम सरकतो. त्याची पिन मायक्रोस्विचला मोकळं करते. मग दोन जाड्या सेलवर, म्हणजे जेमतेम ३ व्होल्टवर, चालणारं सर्किट जागं होतं. ते गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं आणि हजारो व्होल्टची ठिणगी पाडतं. शेजारची सेन्सरची दांडी ज्योत लागली का ते बघते, कारण ज्योतीतून अगदी सूक्ष्म करंट वाहतो. काही सेकंदांत तो आला नाही तर गॅस बंद. थंड देशांत घर तापवणाऱ्या फर्नेसमध्येही साधारण हाच क्रम असतो. तिथे बरेचदा ठिणगीऐवजी सिलिकॉन कार्बाइडची किंवा नायट्राइडची पट्टी लालभडक तापून गॅस पेटवते, एवढाच फरक.

म्हणजे 'पेटत नाही' हा एक बग नाही, निदान पाच-सहा आहेत. टकटक वाजतंय, म्हणजे पाणी पुरेसं येतंय, मायक्रोस्विच ठीक आणि सर्किट जिवंत. बाबांनी नवे सेल आधीच घातले होते. त्याच सिलिंडरवर शेगडी नीट पेटत होती. उरली ठिणगी.

ती बघायची सोपी युक्ती आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, बाथरूममध्ये अंधार करायचा आणि नळ सोडायचा. (गॅसचा जरा जरी वास येत असेल तर यातलं काहीही करायचं नाही. विजेच्या बटणाला हात न लावता सिलिंडर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि १९०६ ला फोन.) अंधारात निळी ठिणगी दिसली, पण बर्नरवर नाही! इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या सिरॅमिकला केसाएवढी चीर होती आणि ठिणगी तिथूनच पत्र्यावर उडी मारत होती. वर खाऱ्या हवेने सगळं गंजलेलं. मारुती मंदिराजवळच्या दुकानात जुना इलेक्ट्रोड दाखवून तसाच नवा घेतला, टोक बर्नरपासून पूर्वीइतक्याच अंतरावर ठेवून स्क्रू आवळला. पहिल्या फटक्यात भपकन् पेटला.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण आई सहज म्हणाली, "गिझर बंद होता ते बरंच होतं रे. त्याच्या पाण्याने आंघोळ केली की डोकं जड व्हायचं. पित्त असेल."

मी वर बघितलं. पावसाची झड आत येते म्हणून बाबांनी खिडकीच्या झडपांवर प्लॅस्टिक ठोकलेलं. आत आई, बंद दार आणि ऑक्सिजन खाणारी ज्योत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो, याला काहीच वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग चक्कर, आणि मग माणसाला कडी काढायचंही सुचत नाही. आणि आमचा सेन्सर? तो फक्त ज्योत बघतो, हवा नाही!

आईचं दुखणं यामुळेच होतं की नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. पण ते सिद्ध होईपर्यंत थांबायची माझी तयारीही नव्हती. मी गिझर पुन्हा बंद केला. बाबा वैतागले, "आत्ता तर दुरुस्त केलास ना?" त्यांच्याशी अर्धा तास वाद झाला. शेवटी आईच म्हणाली, "दोन दिवस चुलीवर तापवू पाणी."

सोमवारी मी रजा टाकली. फिटरने जांभ्याच्या भिंतीला भोक पाडून पाइप आत घेतला, गिझर मागच्या मोकळ्या पडवीत टांगला आणि जोडांना साबणाचा फेस लावून गळती तपासली. बाबांनी प्लॅस्टिकही काढलं. कुरकुरत, पण काढलं. आता सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गार येतं, त्याची तक्रार दर रविवारी फोनवर ऐकतो.

तुमच्याकडे गिझर बाथरूमच्या आतच असेल, तर तो व्यवस्थित पेटत असला तरी एकदा खिडकी बघून घ्या.