निळी ठिणगी

माझ्याजवळ एक जुनी मोटार आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही ‘प्रीमियर पद्मिनी’ १९८६ सालची. मी ती १९९८ साली दुसऱ्याच्या हातून घेतली. इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘अकराशे’ या मोटारीवरून तिची घडण बेतलेली आहे. एंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरांचे. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली. तिच्या असंख्य बहिणींनी मुंबईत टॅक्सी म्हणून जन्म काढला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतल्या शेवटचीही मुदत संपली. माझी मात्र अजून वाईच्या गल्लीबोळांतून फिरते. मुले म्हणतात, “बाबा, आता विकून टाका.” मी ऐकल्यासारखे करतो.

माझी थोरली बहीण पाचगणीस राहते. तिला आता खाली उतरवत नाही, म्हणून दर रविवारी मीच वर जातो. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर. परंतु तेवढ्यात पसरणीच्या घाटाने साडेपाचशे मीटरांहून अधिक चढावे लागते. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी घाटातल्या एका वळणावर मोटारीने प्रथम एक-दोन आचके दिले, मग ती अडखळू लागली आणि शेवटी निमूटपणे उभी राहिली. मागच्या बैठकीवर अक्कासाठी नेलेला डबा होता आणि तिची औषधे होती.

मी मराठीचा शिक्षक. एखाद्या शब्दाचे मूळ संस्कृतात आहे की देशी आहे, हे मी बऱ्यापैकी सांगू शकतो. पण यंत्राच्या बाबतीत माझे ज्ञान पुस्तकी. पुस्तकात वाचले होते की, एंजिन अडखळू लागले तर प्रथम स्पार्क प्लग पाहावेत. नशिबाने नवे चार प्लग आणि प्लग पाना गाडीतच होता. बॉनेट उघडले, एंजिन जरा निवू दिले, जुने प्लग काढले, नवे बसवले. या उद्योगात अर्धा-पाऊण तास गेला. किल्ली फिरवली आणि मोटार लगेच चालू झाली! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या दिवशी अक्काच्या हातचा चहा मला नेहमीपेक्षा गोड लागला.

तीन आठवड्यांनी त्याच चढावर तोच प्रकार. मी पुन्हा प्लगांनाच दोषी ठरवले. हलक्या प्रतीचे मिळाले असतील, अशी मनाची समजूत घातली आणि घाटातच चार नवे बसवले. त्या खेपेस एक फजिती झाली. पहिल्या वेळी मी एकेक तार काढून एकेक प्लग बदलला होता; आता आत्मविश्वास वाढलेला, म्हणून चारही तारा एकदम उपसल्या. लावताना सरळ एक, दोन, तीन, चार अशा लावल्या. किल्ली फिरवताच सायलेन्सरमधून असा बार उडाला की झाडावरची माकडे दूर पळाली. त्या एंजिनात ठिणग्या पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो, हे मला ठाऊक नव्हते. जन्मभर हजेरीपट वाचणाऱ्या माणसाला क्रमांक एकामागून एकच येतात असे वाटावे, यात नवल ते काय! एका भल्या टॅक्सीवाल्याने थांबून, हसू दाबीत, तारा जागच्या जागी लावून दिल्या. मोटार चालू झाली. श्रेय पुन्हा मी प्लगांनाच दिले.

तिसऱ्या खेपेस मात्र मी मिस्त्रींकडे गेलो. तोवर उतरवलेले बारा प्लग मी बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते, ते पुरावा म्हणून सोबत नेले. मिस्त्रींनी तीस वर्षे मुंबईत टॅक्सी दुरुस्त केल्या आणि आता ते वाईजवळच्या आपल्या गावी आले आहेत. त्यांनी डबा उघडला, एकेक प्लग उजेडात धरला. प्लगाच्या टोकाशी पांढऱ्या चिनी मातीचे नाक असते. ते तेलकट काळे झाले तर एंजिन तेल पिते आहे, कोरडे काळे झाले तर पेट्रोल फाजील जाते आहे, भाजून पांढरे पडले तर उष्णता फार होते आहे, असा त्याचा अर्थ. माझे बाराही प्लग फिकट तपकिरी होते.

“गुरुजी,” मिस्त्री म्हणाले, “ह्या बाराजणांचा कायबी गुन्हा न्हाई.”

मग त्यांनी कॉइलला मीटर लावून पाहिला. तीही निर्दोष. माझी मान खाली गेलेली पाहून ते म्हणाले, “येत्या ऐतवारी म्या संगं येतो. तिथंच बघू.”

येथे कॉइल म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टांची. एवढ्याशा दाबाने प्लगाच्या दोन टोकांमधली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फटसुद्धा विजेला ओलांडता येत नाही. तिथे कित्येक हजार व्होल्ट लागतात. ते कॉइल निर्माण करते. मऊ लोखंडाच्या गाभ्याभोवती जाड तारेचे काही शेकडा वेढे आणि बारीक तारेचे काही हजार वेढे, एवढाच तिचा संसार. जाड तारेतला प्रवाह अचानक तोडला की चुंबकत्व कोसळते आणि त्या कोसळण्याने बारीक तारेत प्रचंड दाब उत्पन्न होतो. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह चालू असताना नव्हे, तो तुटतो त्या क्षणी! हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली लोखंडी कड्याभोवती दोन तारा गुंडाळून दाखवले. हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर माझ्या मोटारीतल्या एकुलत्या एका कॉइलला सेकंदाला शंभर वेळा हे काम करावे लागते. तक्रार न करता ती ते करीत असते, आणि आपले लक्ष असते ते बाहेरच्या रंगाकडे.

रविवारी मिस्त्री माझ्या शेजारी बसले. त्या ठरलेल्या वळणाच्या थोडे अलीकडेच मोटारीने आचके दिले आणि ती थांबली. मी नेहमीप्रमाणे पाना शोधू लागलो. त्यांनी माझा हात धरला. “आता घाई. निवायच्या आत बघाया पायजे.” त्यांनी एक जुना प्लग तारेच्या टोकाला लावला, लाकडी चिमट्याने तो एंजिनाच्या धातूला टेकवून धरला आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. (जाणत्या माणसावाचून हा प्रयोग कोणी करू नये, त्या विजेचा झटका वाईट असतो.) बॉनेटच्या फटीतून मला ठिणगी दिसली. लालसर, बारीक, विझू पाहणारी. समईतले तेल संपत आल्यासारखी.

मग त्यांनी फडके भिजवले, पिळले आणि तारांच्या तोंडाला पाणी लागू न देता कॉइलभोवती गुंडाळले. दहा-पंधरा मिनिटे आम्ही कठड्यावर बसून राहिलो. खाली कृष्णेचे खोरे आणि धोमच्या धरणाचे पाणी दिसत होते. पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी टच्चकन आवाज झाला आणि निळी, ताठ ठिणगी उडाली.

“आतल्या तारंवरलं वेष्टन जुनं झालंय,” मिस्त्री म्हणाले. “तापलं की वीज आतल्या आतच झिरपती. थंड हाय तवर समदं बरोबर. गुरुजी, थंडपणी इचारलं तर ही कॉइल कधीच चुकायची न्हाई. तिला तापल्यावर बघाया पायजे.”

म्हणजे प्लग बदलण्याच्या त्या अर्ध्या तासात, बॉनेट उघडे असल्यामुळे, कॉइल आपोआप निवत होती. मी मात्र विनाकारण प्लगांवर आरोप ठेवीत होतो. हे ध्यानात आले आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, मला एक मुलगा आठवला.

मी नुकताच नोकरीस लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गातला हा मुलगा तोंडी परीक्षेत कधी बोलत नसे. कविता म्हणायला उभा केला की पहिली ओळ कशीबशी म्हणे, दुसऱ्या ओळीला अडखळे आणि मग गप्प. मी आवाज चढवी. मी आवाज चढवला की त्याचे ओठ नुसते हलत. घरी अभ्यास करीत नाही, असा मी निर्णय दिला. पुढे एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावरून जाताना मला त्याचा आवाज ऐकू आला. पायरीवर बसून तो आपल्या धाकट्या बहिणीला तीच कविता म्हणून दाखवीत होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता. मी आडोशाला उभा राहून सारी ऐकली. आणि मी काय अनुमान काढावे? की मुलगा लबाड आहे, येत असून मुद्दाम बोलत नाही! दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्या वर्गासमोर तसे म्हणालो. वार्षिक परीक्षेत त्याच्या तोंडीच्या रकान्यात मी शून्य मांडले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. मी चौकशी केली नाही. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर एकदा जुनी दप्तरे काढून पाहिली. त्याच्या नावापुढे ‘शाळा सोडली’ एवढेच होते, आणि कारणाची जागा कोरी होती.

“गुरुजी, चला की,” मिस्त्री म्हणाले. “अक्का वाट बघत असतील.”

नवी कॉइल पुढच्या आठवड्यात मीच बसवली. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून नुसते पाहत होते. प्रथम बॅटरीची तार सोडवली. जुन्या कॉइलच्या दोन्ही तारांना दोन रंगांचे दोरे बांधून ठेवले, कारण एक किल्लीकडून येते आणि दुसरी डिस्ट्रिब्युटरकडे जाते. त्यांची अदलाबदल होता कामा नये. नवी कॉइल त्याच पट्टीत आवळली. प्लगांना हात लावायचे वास्तविक कारण नव्हते. पण मला ते एकदा नीट बसवायचे होते. डब्यातल्या बारांपैकी चांगले चार मिस्त्रींनी निवडून दिले. मी ते घासून पुसले, पातळ पत्र्याच्या मापाने त्यांची फट पाहिली आणि एका वेळी एकच तार काढून एकेक बसवला. प्लग आधी हातानेच फिरवायचा. आटे सहज धरले तरच पाना लावायचा. घाईने वाकडा शिरला तर एंजिनाचेच आटे जातात. चौथ्या प्लगाशी माझा हात थोडा थरथरला. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी विडा काढला, पान पुसले आणि मला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.

रविवारी घाट चढताना मी भिजवलेले फडके शेजारच्या बैठकीवर ठेवले होते. ते वळण आले. डावा हात आपोआप फडक्याकडे गेला. मोटार एका सुरात गुरगुरत वळण घेऊन वर गेली आणि पाचगणीची पहिली घरे दिसू लागली.

जुनी कॉइल मी टाकली नाही. ती माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. परवा सुट्टीत नातू आला होता, त्याच्या खेळण्यांत एक लहानसा मीटर होता. त्याने विचारले, “आजोबा, ही बिघडलेली आहे ना?” आम्ही दोघांनी मीटरची टोके तिला लावून पाहिली. काटा हलला आणि जिथे थांबायला हवा, अगदी तिथेच येऊन थांबला.