दुसरा जामीन

सातपुड्याच्या घाटांतून चालणाऱ्या जुन्या जीपगाड्यांची गोष्ट निघाली की लोक प्रथम इंजिनाची थोरवी वर्णन करतात आणि चांदसैलीचा चढ कोणत्या गिअरमध्ये चढला याचा हवाला देतात. परंतु ज्याच्या हाताखालून अशा गाड्या वर्षानुवर्षे गेल्या आहेत, त्याचे लक्ष स्वाभाविकपणेच चढापेक्षा उताराकडे अधिक लागलेले असते. चढावर गाडी दमली तर उतारूंनी खाली उतरून चार पावले चालावीत, एवढीच काय ती गैरसोय. उतारावर मात्र मागे बसलेल्या सर्वांचे प्राण एका पिस्टनच्या रबरी कपावर सोपवलेले असतात, आणि त्यांतल्या कोणालाही तो कप कसा दिसतो हे ठाऊक नसते.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तेथून शहाद्याकडे येताना गाडी सुमारे हजार मीटर खाली उतरते. भरलेल्या जीपचे वजन 2 टन धरले, तर या उतरणीत जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते तिने सुमारे 60 लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. तिचा काही भाग खालच्या गिअरमधले इंजिन आणि वाऱ्याचा विरोध आपल्या अंगावर घेतात. उरलेली सारी उष्णता ड्रम, लायनर आणि त्यांना लागून असलेल्या व्हील सिलिंडरांतल्या ब्रेक ऑइलमध्ये शिरते. वैशाखात, खाली तापीकाठी पारा 40 अंशांच्या वर गेलेला असताना, हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धांत सतराव्या शतकातला. त्याचा मोटारीच्या ब्रेकला उपयोग करण्याची युक्ती माल्कम लॉकहीड यांनी 1917 साली पेटंट करून घेतली, आणि 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना असे ब्रेक असलेली गाडी बाजारात आणली. जुन्या जीपची रचना याच परंपरेतली आहे: फ्लोअरच्या खाली चासीला बसवलेला एक मास्टर सिलिंडर, त्यात एक पिस्टन, आणि त्याच्यापासून चारी चाकांकडे गेलेल्या नळ्या. रचना साधी, दुरुस्तीला सोपी आणि नेहमीच्या वापरात विश्वासू; परंतु एकाच जामिनावर चाललेला हा व्यवहार आहे. मागच्या एका चाकाजवळ दगडाने पाइप चेपून फुटला की चारही चाकांचा दाब त्याच वाटेने निघून जातो आणि पेडल जमिनीला टेकते. अमेरिकेत 1968 पासून मोटारींना दुहेरी ब्रेक-व्यवस्था कायद्याने सक्तीची झाली, तिचे कारण हेच.

टँडम मास्टर बसवणे म्हणजे दुसरा जामीन घेणे. एकाच नळीत एकापुढे एक दोन पिस्टन असतात. एकाचा अंमल पुढच्या चाकांवर, दुसऱ्याचा मागच्या चाकांवर. एका बाजूचे तेल गळून गेले तर तिचा पिस्टन रिकामाच पुढे सरकतो आणि अखेर दुसऱ्या पिस्टनला किंवा नळीच्या टोकाला टेकतो. तेवढ्या अंतरापर्यंत पेडल खोल जाते, परंतु उरलेल्या दोन चाकांवर दाब येतोच.

येथे एका मोहापासून सावध राहावे लागते. शहरांतले शौकीन आपल्या जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारींना मोठ्या बोअरचा मास्टर बसवतात, कारण त्याने पेडल कमी दबते आणि पायाखाली घट्ट लागते. या घट्टपणालाच बळ समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः पायाच्या त्याच जोराने मोठ्या पिस्टनमधून कमी दाब निर्माण होतो. पायाचा जोर पेडलच्या तरफेने वाढून पिस्टनवर 180 किलो पडला, तर सात अष्टमांश इंचाच्या बोअरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 46 किलो दाब मिळतो. तोच बोअर 1 इंचाचा केला की तो साडेपस्तीसांवर येतो. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. बोअर लहान करावा तर पेडल लांब जाते, आणि ड्रमचे लायनर झिजलेले असतील तर ते फ्लोअरपर्यंतही पोहोचते. सुधारणा म्हणजे वाढ नव्हे, प्रमाण. आणि जे प्रमाण मूळ आरेखकाने चाकांतल्या सिलिंडरांशी जुळवून ठेवले आहे, ते मोडण्यापूर्वी हिशेब मांडण्याचा शिरस्ता कारागिराने पाळलाच पाहिजे.

मास्टर फ्लोअरखालून काढून इंजिनाच्या बाजूला वर आणला की चिखल, पाणी आणि धूळ यांपासून त्याची सुटका होते. त्याबरोबर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवण्याची तजवीज बहुतेक मालक करतात, आणि मीही तिची शिफारस करतो, पण एका अटीवर. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. डिझेलला तो मिळत नाही, म्हणून आल्टरनेटरच्या पाठीशी वेगळा पंप लागतो, आणि तो इंजिन फिरत असेपर्यंतच काम करतो. डिझेल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल करून इंजिन बंद ठेवणारा ड्रायव्हर दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत सुखात असतो. मग साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि तेच पेडल पायाखाली दगडासारखे होते. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, गाड्या खचाखच भरलेल्या असताना, हे घडू नये म्हणून ज्याच्या गाडीला बूस्टर लावतो त्याच्याकडून मी घाटात इंजिन चालू ठेवण्याचा शब्द घेतो.

आणखी काही बारकावे हातानेच समजतात. ड्रमच्या वाटेवर थोडा दाब कायम राखणारी झडप लागते, नाहीतर व्हील सिलिंडरांतले कप सैल पडून हवा आत ओढतात. पुढे डिस्क ब्रेक बसवला असेल तर त्या वाटेवरची हीच झडप काढावी लागते, कारण ती राहिली तर पॅड घासत राहतात. पेडलची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामध्ये सूक्ष्म फट राहिलीच पाहिजे. नसेल तर तेल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र उघडत नाही, आणि तापून फुगलेले तेल ब्रेक आपणहून लावून ठेवते. तेल स्वतः हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 3 जातीचे कोरडे तेल 205 अंशांना उकळते, पाणी शोषलेले 140 अंशांनाही उकळू शकते. उकळलेल्या तेलाची वाफ दाबली जाते आणि ब्रेक नाहीसा होतो. पावसाळा संपल्यावर तेल बदलण्याचा माझा आग्रह याचमुळे असतो, आणि धडगाव-मोलगीच्या बाजूने येणारे ड्रायव्हर आता तो मानतात.

काम पुरे झाल्यावर, हवा काढून पेडल उभे राहिल्यावर, मी गाडी सपाट मैदानात नेतो, मागच्या एका चाकाचे हवा काढण्याचे निप्पल मुद्दाम सैल करतो आणि ड्रायव्हरला सांगतो, ‘दादा, आता दाबा.’ पेडल अर्ध्याहून खाली जाते, आणि मग पुढची दोन चाके धरतात. त्याने तो फरक पायाने ओळखेपर्यंत ही चाचणी मी पुनःपुन्हा करवतो. पुढच्या चाकांसाठीही तशीच. मग निप्पल कसून, हवा पुन्हा काढून, चाव्या त्याच्या हाती देतो, आणि अर्ध्या ब्रेकावर उतारू घेऊन घाट उतरायचा नाही, गाडी कडेला लावून मला निरोप पाठवायचा, एवढे त्याच्याकडून वदवून घेतो.