पाटाकडील की शिवाजी?

आमच्या होस्टेलवर कोल्हापूरचे दोघे आहेत. एक ‘पाटाकडील’चा, दुसरा ‘शिवाजी तरुण’चा. कुठल्या तालमीने कितीदा चषक नेला, हे त्यांना थर्मोडायनॅमिक्सपेक्षा पक्कं पाठ! शाहू स्टेडियमवर सामना असला की दोघांचं बोलणं बंद. मी कॉन्व्हेंटवाला, तालीम म्हणजे कुस्ती, एवढंच ठाऊक. तालमींचे फुटबॉल संघ असतात, हे इथे कळलं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही कोल्हापूरचाच.

आमच्या हिंगोलीचं रामलीला मैदान गाजतं ते दसऱ्याला. मोजायला चषकच नाहीत, मग भांडणार कशावर?

परवा दोघे पहिल्यांदाच एका संघात खेळले, आमच्यासाठी. ०-४ ने हरलो. पण हिशोब तर सुरू झाला!