अज्ञान वारस, पालनकर्ती चांदबीबी

पाथर्डीत तलाठ्याकडून सातबारा काढला की एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरं दिसतात. वारस अज्ञान आहे आणि त्याच्या वतीनं आई किंवा चुलता पालनकर्ता आहे, एवढा त्याचा अर्थ. जमीन मुलाची, पण त्यात काय पेरायचं आणि तिच्यापायी कुणाशी भांडायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. बहादूर निजामशहाबद्दल वाचताना मला ही नोंद आठवते. ज्या नगरच्या गादीखाली आमचा मुलूख होता, तिच्यावर १५९६ ते १६०० हा मुलगा होता. त्या वर्षांतलं जे काही सांगितलं जातं ते चांदबीबीचं, मोगलांचं, सरदारांचं. त्याचं स्वतःचं असं काहीच हाती लागत नाही, आणि मला ते सलतं.

१५९५ हे वर्षच विलक्षण होतं. बुऱ्हाण निजामशहा वारला. त्याचा मुलगा इब्राहिम जेमतेम चार महिने राज्य करून विजापूरकरांशी लढताना मारला गेला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर. वजीर मियाँ मंजूनं त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत टाकलं आणि अहमद नावाच्या मुलाला राजघराण्यातला म्हणून गादीवर बसवलं. हा मुलगा त्या वंशातला नाहीच, हे लवकरच उघड झालं. मग हबशी सरदार इखलासखानानं नगरच्या बाजारातून मोती नावाचं पोर उचललं आणि हाच खरा निजामशहा असं जाहीर केलं. आहंगखान नावाच्या सरदारानं विजापूरकडून सत्तरीच्या घरातल्या शाह अलीला गादीसाठी आणलं. चांदबीबी बहादूरच्या बाजूनं उभी राहिली. ती त्याच्या बापाची आत्या. एका राज्याला एकाच वेळी चार धनी!

या चौघांत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मोतीचं. बहादूरच्या मागे निदान वंश होता. मोतीला बाजारातून उचलताना त्याच्या आईबापांना कुणी विचारलं असेल? फिरिश्त्याच्या इतिहासात तो एकदोन ओळींपुरता येतो. पण गादीला माणूस लागतो, आणि तो जितका लहान तितका मोठ्यांना सोयीचा, हे त्या काळाचं सगळं गणित त्या एकदोन ओळींत आहे. मिलानमध्येही याआधी शंभरेक वर्षं हेच घडलं होतं. १४७६ मध्ये बापाचा खून झाला तेव्हा जान गालेआत्सो स्फोर्झा सात वर्षांचा होता. ड्यूक तो, कारभार मात्र चुलता लुदोविकोचा. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी चुलत्यानं कारभार सोडला नाही, आणि १४९४ मध्ये तो पंचविशीतच गेला.

इकडे नगरात मियाँ मंजूनं मदतीला मोगलांना बोलावलं आणि शाहजादा मुराद नगरच्या कोटाला वेढा घालून बसला. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. आतल्यांना पत्ता लागला, त्यांनी काही उकरून रिकामे केले, पण एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबीबी चिलखत चढवून, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला हे तोंडपाठ असतं. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेलं, पण बहादूरचा हक्क मोगलांनी मान्य केला. चावंडवरून त्याला आणून गादीवर बसवलं. कैदेतून तो थेट तख्तावर आला.

मोगलांनी नगरला पुन्हा वेढा घातला. ऑगस्ट १६०० मध्ये कोट पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. पण राज्य थांबलं नाही. मलिक अंबर आणि इतर सरदारांनी परांड्याला मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं. बहादूर जिवंत होता, त्याच्या नावाचं काम मात्र संपलं होतं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि तेव्हा गादीवर असलेला हुसेन निजामशहाही ग्वाल्हेरला गेला. तेव्हा शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर आणखी एक लहान मूल गादीवर बसवलं. त्याला मांडीवर घेऊन राजे दरबारात बसत, असं सांगतात. त्या तीन वर्षांत शहाजीराजांनी दोन बादशाह्यांच्या फौजांशी जी झुंज दिली तिच्याबद्दल मला आदरच आहे. तरीही १६३६ मध्ये माहुलीला तह झाल्यावर ते मूल मोगलांच्या हवाली करावं लागलं आणि त्यालाही ग्वाल्हेरचा रस्ता धरावा लागला. आता त्या किल्ल्यात तीन निजामशहा झाले होते, असं शाहजहानच्या बादशहानाम्यात नोंदलेलं आहे. अकबराच्या काळात धरलेला पहिला कैदी तेव्हा चाळिशी ओलांडलेला असणार.

आमच्या तालुक्यात मढीला कानिफनाथांचं स्थान आहे. किल्ल्यासारखा कोट, दणकट दरवाजे. रंगपंचमीच्या यात्रेत इथे गाढवांचा बाजार भरतो. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना येसूबाईंनी त्यांच्या सुटकेसाठी नाथांना नवस केला आणि त्यातून इथलं बांधकाम झालं, अशी परंपरा आहे. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. त्यांच्यामागेही गादी रिकामी राहिली नव्हती. आधी राजाराम महाराज होते, मग ताराबाईंचा मुलगा. तरी १७०७ मध्ये शाहू सुटले, लढून सातारा मिळवला आणि १७४९ पर्यंत राज्य केलं. अठरा वर्षांच्या त्या कैदेत आई सोबत होती, आणि मुलगा सुटल्यावरही ती स्वतः १७१९ पर्यंत मोगलांकडे अडकून पडली होती.

बहादूरसाठी असं उभं राहणारं माणूस एकच होतं. १६०० च्या वेढ्यात कोट टिकणार नाही हे चांदबीबीला दिसलं. किल्ला मोगलांना द्यावा, जीव वाचवावेत आणि मुलाला घेऊन जुन्नरला जावं, असं तिनं सुचवलं. चार वर्षं ज्या कोटासाठी ती लढली तो सोडायला ती तयार झाली होती. ती मोगलांना फितूर झाल्याची ओरड झाली आणि कोट पडण्याआधीच तिच्याच माणसांनी तिला महालात घुसून मारलं.