संडे आला कुठून?

गेल्या रविवारची गोष्ट. ताईकडे जेवायला गेले होते, पण लॅपटॉप सोबत होताच. ‘छोटंसंच काम आहे, संध्याकाळपर्यंत दे,’ असा एडिटरचा मेसेज. फ्रीलान्सरला कसला आलाय वीकेण्ड!

समोर आठवीतला भाचा इतिहासाचा अभ्यास करत होता. ‘जोड्या लावा’ चाललं होतं. ‘नारायण मेघाजी लोखंडे?’ त्यानं विचारलं. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन!’ मी टाइप करता करताच उत्तर फेकलं. इतक्या वर्षांनी! स्वतःवरच जाम खूश.

‘पण त्यांनी केलं काय, मावशी?’

आणि माझी विकेट पडली. मास कॉमची डिग्री, रोजचं लिहिणं... आणि पाटी कोरी! आमच्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि नागरिकशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायची भानगड. असला प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही. बाईंनाही पोर्शन संपवायची घाई असायची.

मग दोघांनी मिळून शोधलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. जोतिराव फुल्यांचे सहकारी असलेल्या लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

कामानिमित्त लोअर परळला मी शेकडो वेळा गेलेय. जुन्या गिरणीच्या चिमणीसमोर सेल्फीसुद्धा काढलाय. पण रविवारची सुट्टी कुणीतरी मागून, भांडून मिळवलीय, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, ती कॅलेंडरसोबतच आली असणार!

‘दहा हजार लोक भांडले आणि तू आज काम करतेयस?’ भाच्यानं सरळ विचारलं.

मी एडिटरला मेसेज टाकला, ‘उद्या सकाळी दिलं तर चालेल?’ पाठवताना पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? पुढचं काम हातचं जातंय की काय! दहा मिनिटांनी ‘ओके’ आलं. बस्स, एवढंच. वर्गात ‘केलं काय?’ एवढं विचारायची सवय लागली असती, तर हा मेसेज मी पाच वर्षांपूर्वीच टाकला असता.

तुमच्या घरी कुणी आठवीत असेल, तर या रविवारी त्याचं इतिहासाचं पुस्तक मागून बघा. आणि हो, लॅपटॉप बंद करून!