लग्नाआधीचे रुखवत

आमच्या घराण्यात माझ्या पुतणीपूर्वी कोणीही वैद्यकाच्या वाटेला गेले नव्हते. त्यामुळे वैद्यकशास्त्रावर बोलायला आमच्याकडे कोणालाच संकोच वाटत नाही. मी तर मराठीचा प्राध्यापक. कोणत्याही विषयावर पाऊण तास बोलण्याचा मला पगारच मिळतो.

पुतणी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तीन कागद घेऊन माझ्याकडे आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विद्यार्थ्यांसाठी १९७९ साली एक योजना सुरू केली. आपल्या कॉलेजातला मार्गदर्शक गाठायचा, प्रस्ताव धाडायचा, आणि मंजूर झाला की दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. तिच्यापुढे तीन विषय होते : एक त्वचारोगाचा, एक क्ष-किरण विभागाचा, आणि तिसरा साधासुधा, रक्तदाबाचे रोगी गोळ्या नियमित घेतात की नाही.

"काका, सीनियर म्हणतात, ज्या शाखेत जायचं तिथलाच विषय घे. पण कुठे जायचं हेच मला ठाऊक नाही!"

"अगं, हे तर स्थळ ठरण्याआधीच रुखवत मांडण्यासारखं झालं," मी म्हणालो. ती हसली नाही. डोळे भरून आले होते तिचे.

तिची धास्ती खोटी नव्हती. आपल्याकडे पदव्युत्तर जागा मिळते ती नीट-पीजीच्या क्रमांकावर. तिथे संशोधनाला गुण नाहीत. कातडीवर संशोधन करणाऱ्या मुलीला उद्या भूलशास्त्र पत्करावे लागेल. अमेरिकेत उलटा प्रकार. तिथल्या परवाना-परीक्षेच्या पहिल्या पायरीचे गुण २०२२ पासून बंद झाले. नुसते पास-नापास उरले. मग हव्या त्या शाखेतले शोधनिबंध जमवण्याची मुलांची घाई वाढली तर नवल काय?

मी तिला जे मॅक्लीनची हकिकत सांगितली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला हा विद्यार्थी. व्हायचे होते सर्जन, पण शरीरक्रियाशास्त्राच्या हॉवेल सरांकडे जाऊन त्याने एका वर्षात एकट्याला पुरा करता येईल असा प्रश्न मागितला. सरांनी रक्त गोठवणाऱ्या द्रव्याचा शोध सोपवला. १९१६ साली यकृताच्या अर्कात त्याला सापडले ते रक्त गोठू न देणारे द्रव्य! त्यातूनच पुढे हेपॅरिन आले. आज हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि डायलिसिसमध्ये ते लागते.

दुसरा पाउल लांगरहान्स. १८६९ साली बर्लिनमध्ये प्रबंधासाठी स्वादुपिंड तपासताना त्याला पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचे काम काय हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. त्या पुंजक्यांतले इन्शुलिन हाती यायला १९२१ साल उजाडले. आमच्या फ्रिजच्या दारात आईची इन्शुलिनची बाटली असते. ती पाहिली की मला त्या प्रामाणिक वाक्याचे मोल कळते.

"मग मी काय घेऊ?"

"तीनच गोष्टी बघ. दोन महिन्यांत काम पुरं होईल का? मार्गदर्शक तुझ्याशेजारी बसून चुका दाखवतील का? आणि रोग्याशी तू स्वतः बोलणार आहेस, की दुसऱ्याने भरलेले तक्ते नुसते उतरवणार आहेस?"

तिने गोळ्यांचा विषय घेतला. मैत्रिणींनी नाके मुरडली.

दोन महिन्यांनी ती आली ती बोलतच. "गोळ्या घेता का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात, काका. काल घेतली का, परवा घेतली का, असं विचारलं की मान खाली जाते. एक आजी म्हणाल्या, बाई, गोळी फुकट आहे, पण ती आणायला एक दिवसाची मजुरी बुडते. हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही."

तिची शाखा अजून ठरलेली नाही. क्रमांक काय लागेल आणि कोणते दार उघडेल, कोण सांगणार? पण ती कोणत्याही शाखेत गेली, तरी पुढ्यातल्या रोग्याला आधी "काल गोळी घेतली का?" असेच विचारील. आणि उत्तर नकारार्थी आले, तर रागावण्यापूर्वी त्याची मजुरी विचारील.